सहा चिन्हांत जावास्क्रिप्ट: रोमन अक्षर-अंक न वापरता कोड किती लहान होतो?

अर्धविराम

प्रश्न कोड गोल्फचा आहे, पण त्यातल्या बंधनाच्या प्रकाराचा. म्हणजे कोड लहान तर हवाच, शिवाय त्यात कोणती चिन्हं चालतील हेही ठरवून दिलेलं. भाषा जावास्क्रिप्ट. दोन फेऱ्या आहेत.

पहिली फेरी: फक्त `[ ] ( ) ! +` ही सहा चिन्हं. स्पेस नाही, नवी ओळ नाही.
दुसरी फेरी: रोमन अक्षरं आणि इंग्रजी अंक बंद, बाकी सगळं खुलं.

दोन्हींत मिळवायचं एकच: "इंडिया" या शब्दाची इंग्रजी स्पेलिंग, पाचही अक्षरं स्मॉल (आय, एन, डी, आय, ए). कन्सोलवर किंमत परत आली की पुरे, छापायची गरज नाही. अक्षरांची नावं मी मुद्दाम देवनागरीत लिहितो, म्हणजे कोड कॉपी करताना चुकून एखादं रोमन अक्षर सोबत येणार नाही.

पहिल्या फेरीचं माझं उत्तर, १३३ चिन्हं:

    ([][[]]+[])[!![]+!![]+!![]+!![]+!![]]+([][[]]+[])[+!![]]+([][[]]+[])[!![]+!![]]+([][[]]+[])[!![]+!![]+!![]+!![]+!![]]+(![]+[])[+!![]]

दुसऱ्या फेरीचं, ७६ चिन्हं:

    क=[][[]]+[];क[-~-~-~-~-~[]]+क[-~[]]+क[-~-~[]]+क[-~-~-~-~-~[]]+(![]+[])[-~[]]

दोन्ही चालतात. विचारायचं हे:
१. १३३ मधून कुठे कापता येईल?
२. दुसऱ्या फेरीत `क` हे एक चिन्ह धरायचं की तीन बाइट? त्यावर उत्तर बदलतं का?
३. सहा चिन्हांत स्ट्रिंग तयार होते हे कळलं. ती स्ट्रिंग कोड म्हणून चालवायची कशी? आणि तिथवर जायला किती चिन्हं लागतात?

---

कंस_जोडी

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

तुमच्या कोडमध्ये सगळी जागा आकड्यांनी खाल्ली आहे, अक्षरांनी नाही. सहा चिन्हांत शून्य म्हणजे `+[]`, तीन चिन्हं. एक म्हणजे `+!![]`, पाच. त्यापुढे प्रत्येक आकडा म्हणजे `!![]` ची बेरीज, म्हणून न या आकड्याला ५न−१ चिन्हं: दोनला ९, तीनला १४, पाचला २४, नऊला ४४. या हिशोबात दहा मात्र स्वस्त पडतो, कारण तो बेरजेने करायचाच नसतो:

    +!![]+[+[]]

इथे १ हा नंबर आणि `[0]` हा ॲरे यांची बेरीज होते. ॲरेचं आधी स्ट्रिंगमध्ये रूपांतर होतं आणि "१०" ही स्ट्रिंग मिळते (अर्थात रोमन अंकांत). इंडेक्सच्या कंसात स्ट्रिंग चालते, तिचा नंबर करायला लागत नाही. एकूण ११ चिन्हं. म्हणजे पाचव्या स्थानाला २४ आणि दहाव्या स्थानाला ११. त्यामुळे या प्रकारातलं कौशल्य एवढंच: हवं ते अक्षर सरकवून १०, ११ किंवा २० या स्थानावर आणायचं.

`[][[]]` म्हणजे अनडिफाइन्ड, `![]` म्हणजे फॉल्स, `!![]` म्हणजे ट्रू; `+[]` जोडलं की त्यांची स्ट्रिंग होते. "अनडिफाइन्ड" मध्ये आय पाचव्या स्थानावर आहे (मोजणी शून्यापासून). त्याच्या आधी "फॉल्स" ची पाच अक्षरं जोडली की तोच आय दहाव्या स्थानावर जातो:

    ([![]]+[][[]])[+!![]+[+[]]]

हे २७ चिन्हांचं, तुमचं ३७ चं. दोन आय आहेत, म्हणजे २० वाचले:

    ([![]]+[][[]])[+!![]+[+[]]]+([][[]]+[])[+!![]]+([][[]]+[])[!![]+!![]]+([![]]+[][[]])[+!![]+[+[]]]+(![]+[])[+!![]]

११३ चिन्हं: २७ + १८ + २२ + २७ + १५ आणि मधले चार अधिक.

`[![]]` मधला बाहेरचा चौकटी कंस विसरू नका. `![]+[][[]]` लिहिलंत तर फॉल्स आणि अनडिफाइन्ड यांची नंबर म्हणून बेरीज होते आणि "नॉट अ नंबर" हाती येतो. बेरजेच्या दोन बाजूंपैकी किमान एक बाजू ॲरे, फंक्शन किंवा स्ट्रिंग असेल तरच जोडणी होते. प्रत्येक बेरजेपाशी हे तपासायचं.

हीच युक्ती डीवर करून पाहण्याचा मोह होतो. "ट्रू" दोनदा जोडला की आठ अक्षरं होतात आणि अनडिफाइन्डमधला डी बरोबर दहावा येतो. पण `([!![]]+!![]+[][[]])` हा भागच २० चिन्हांचा, इंडेक्स धरून ३३. सरळ `[!![]+!![]]` ने २२ मध्ये काम होतं. सरकवायला लागणारी चिन्हं इंडेक्सवर वाचणाऱ्या चिन्हांपेक्षा कमी असतील तरच सरकवायचं. साधारणपणे पाचच्या खालच्या इंडेक्सला यात नफा नाही.

आणखी एक अडचण सगळ्यांनाच येते. एकात एक मिळवायचा म्हणून `+!![]++!![]` लिहिलं की सिंटॅक्स एरर येते. पार्सर (कोड वाचून त्याची फोड करणारा भाग) लागोपाठचे दोन अधिक तोडून वाचत नाही, त्यांना एकच वाढीचं चिन्ह समजतो. स्पेस द्यायची सोय नाही, म्हणून दुसऱ्या पदाला कंस घालावा लागतो. तो गोल घालण्याऐवजी चौकटी घाला: `(+[])` आणि `[+[]]` दोन्ही पाचच चिन्हांचे, पण चौकटी कंस स्ट्रिंगही करून देतो. नुसती बेरीज हवी असेल तर `!![]+!![]`, तिथे हा प्रश्नच येत नाही.

११३ च्या खाली कोणाला जमलं तर कोडसकट टाका.

---

बाइटमोजणी

दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

आधी नियम लिहून ठेवा: मोजणी चिन्हांची की बाइटची. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. तुमच्या ७६ चिन्हांत `क` पाच वेळा आहे, म्हणजे ८६ बाइट. बहुतेक गोल्फ स्पर्धा बाइट मोजतात. तिथे चलांची नावं `_` आणि `$` ठेवायची. दोन्ही एका बाइटची, जावास्क्रिप्टला नाव म्हणून चालणारी, आणि अक्षरही नाहीत की अंकही नाहीत.

दुसऱ्या फेरीत `-~` वापरलंत ते बरोबर. `~[]` म्हणजे उणे एक, त्याच्या आधी उणे लावला की एक. न या आकड्याला २न+२ चिन्हं लागतात. पण इथे इंडेक्सची गरजच नाही. स्ट्रिंग सरळ चलांत उलगडता येते आणि नको असलेली स्थानं रिकाम्या स्वल्पविरामांनी ओलांडता येतात:

    [,न,ड,,,इ]=[][[]]+[];[,अ]=![]+[];इ+न+ड+इ+अ

४२ चिन्हं. आता वर कंस_जोडींनी वापरलेली "फॉल्सअनडिफाइन्ड" ही एकच स्ट्रिंग घेतली तर दुसरी उलगड लागत नाही:

    [,अ,,,,,न,ड,,,इ]=[![]]+[][[]];इ+न+ड+इ+अ

३९. अनडिफाइन्ड मिळवायला `[][[]]` ही सहा चिन्हंही जास्तच आहेत. या फेरीत टिंब चालतं, तेव्हा ॲरेवर नसलेली कुठलीही प्रॉपर्टी मागा, उत्तर अनडिफाइन्डच येणार. `[]._` चार चिन्हांत होतं:

    [,अ,,,,,न,ड,,,इ]=[![]]+[]._;इ+न+ड+इ+अ

३७ चिन्हं, पण ५५ बाइट. बाइट मोजायचे असतील तर:

    [,$$,,,,,$,__,,,_]=[![]]+[]._;_+$+__+_+$$

४१ चिन्हं आणि ४१ बाइट. चिन्हांत देवनागरी जिंकते, बाइटमध्ये `$` आणि `_`. आय शेवटच्या बेरजेत दोनदा येतो, म्हणून एक चिन्हाचं नाव त्यालाच द्यायचं. उरलेलं दुसरं कोणाला द्याल त्याने फरक पडत नाही, एन, डी, ए तिघेही सारख्याच वेळा येतात.

हे चालवताना काय बिघडतं ते सांगतो.

स्वल्पविराम मोजायला चुकणं सगळ्यात जास्त होतं. `अ` नंतर पाच हवेत: पहिला `अ` चं स्थान संपवणारा, बाकीचे चार म्हणजे दोन ते पाच ही रिकामी स्थानं. तिथे एक कमी पडला की न, ड, इ तिघेही एकेक स्थान मागे सरकतात आणि उत्तर एफ-यू-एन-एफ-ए असं येतं. फक्त शेवटच्या तिनातला एक कमी पडला तर एफ-एन-डी-एफ-ए. आलेल्या चुकीच्या शब्दावरूनच कुठला स्वल्पविराम गेला ते कळतं.

या कोडमध्ये एकही चल जाहीर केलेला नाही. स्ट्रिक्ट मोडमध्ये हे रेफरन्स एरर देतं, आणि मॉड्यूल म्हणून चालणारी फाइल नेहमीच स्ट्रिक्ट असते. साध्या स्क्रिप्टमध्येच चालवा.

ओळीची सुरुवात `[` ने होते आहे. आधीच्या ओळीच्या शेवटी अर्धविराम नसेल तर पार्सर दोन ओळी जोडतो, तुमचा कंस आधीच्या ओळीचा इंडेक्स समजला जातो आणि सगळं मोडतं. चाचणीच्या फाइलमध्ये चार उत्तरं एकाखाली एक ठेवली की हे हमखास घडतं.

नोडच्या (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाच्या) परस्परसंवादी कन्सोलमध्ये `_` म्हणजे मागच्या उत्तराची किंमत. तुम्ही तिथे काही भरलं की ती सोय बंद केल्याची सूचना येते. उत्तर बरोबरच येतं, सूचना पाहून घाबरायचं कारण नाही. क्रोमच्या कन्सोलमध्येही `$`, `$$`, `$_` यांना स्वतःचे अर्थ आहेत. म्हणून शेवटची खात्री फाइल चालवूनच करावी.

बाइट मोजताना फाइलच्या शेवटची नवी ओळ धरली जाते. बरेच एडिटर ती आपणहून घालतात, त्यामुळे ४१ च्या जागी ४२ दिसतं. आणि कोड पाठवताना कोड-ब्लॉकमध्येच टाका. व्हॉट्सॲपवर दोन `_` च्या मधला मजकूर तिरका होतो आणि ती चिन्हं नाहीशी होतात.

---

मात्रा_वेलांटी

देवनागरी चलांबद्दल थोडी भर. चिन्हं मोजणाऱ्या स्पर्धेत ती उपयोगी आहेतच, पण सगळी देवनागरी चिन्हं नाव म्हणून चालत नाहीत.

स्वर आणि व्यंजनं नावाच्या सुरुवातीला चालतात. मात्रा, अनुस्वार, हलन्त ही जोडचिन्हं सुरुवातीला चालत नाहीत, पुढे चालतात. म्हणजे `का` हे नाव बरोबर, पण ती दोन चिन्हं आणि सहा बाइट. `क्ष` डोळ्यांना एक दिसतो, पण तो क, हलन्त, ष अशी तीन चिन्हं आणि नऊ बाइट. गोल्फमध्ये मात्रा नसलेलं सुटं अक्षरच घ्या. `ॐ` आणि अवग्रह `ऽ` युनिकोडमध्ये अक्षरं म्हणून नोंदलेले आहेत, त्यामुळे तेही एका चिन्हाची नावं म्हणून चालतात. दंड `।` विरामचिन्ह आहे, तो चालत नाही.

देवनागरी अंक नावात चालतात, पण पहिल्या जागी नाही: `क१` चालेल, `१क` नाही. आकडा म्हणून ते मुळीच वाचले जात नाहीत. "इंग्रजी अंक बंद" हे वाचून `१` वापरून बघावं असं वाटतं, पण जावास्क्रिप्ट तिथे सिंटॅक्स एरर देतं. `+"१"` केलं तरी "नॉट अ नंबर"च. पायथनमध्ये मात्र `१२` ही स्ट्रिंग इंट फंक्शनला दिली की बारा मिळतात. त्यामुळे तिथली बंधनाची कोडी वेगळ्या वाटेने सुटतात.

आता जिथे मराठी लिहिणाऱ्यांचीच गाडी अडते ते. `ऱ` दोन प्रकारे टाइप होतो: एकसंध यू+०९३१, किंवा र (यू+०९३०) आणि त्याखाली नुक्ता (यू+ "शून्य-नऊ-तीन-सी"). पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. जावास्क्रिप्ट नावांची तुलना कोडपॉइंटने (चिन्हाच्या युनिकोड क्रमांकाने) करतं, सामान्यीकरण (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करणं) करत नाही, म्हणून ती दोन वेगळी चलं ठरतात. एका ठिकाणी किंमत भरली आणि दुसऱ्या ठिकाणी वाचायला गेलात तर "डिफाइन केलेलं नाही" अशी एरर. पायथन नावं आधी सामान्य करून घेतं, तिथे दोन्ही एकच. `ॲ` चंही तसंच. एकसंध `ॲ` वेगळा आणि अ वर अर्धचंद्र दिलेला वेगळा, आणि ही जोडी तर सामान्यीकरणानेही एक होत नाही.

शिवाय अदृश्य जोडचिन्ह आणि विलगचिन्ह (झीरो विड्थ जॉइनर, नॉन-जॉइनर) जावास्क्रिप्टच्या नावात चालतात. मराठी मजकुरातून अक्षर कॉपी केलं आणि सोबत त्यातलं एखादं आलं, तर चल बदललं, तीन बाइट वाढले, आणि दिसलं काहीच नाही. मोजणी एकने जास्त येत असेल तर आधी हे तपासा. कोड स्ट्रिंगमध्ये ठेवून तिची लेंग्थ बघायची आणि एकेक चिन्हाचा कोडपॉइंट काढायचा.

---

शून्यापासून

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर. आधी वाट सांगतो, मग खर्च.

ट्रू, फॉल्स आणि अनडिफाइन्ड एवढ्यावर ए, डी, ई, एफ, आय, एल, एन, आर, एस, टी, यू ही अकरा अक्षरं मिळतात. कोड चालवायला ॲरेच्या एखाद्या मेथडचा कन्स्ट्रक्टर हवा, म्हणजे फंक्शन बनवणारं फंक्शन. त्याला स्ट्रिंग द्यायची आणि जे परत येईल ते `()` लावून चालवायचं. "कन्स्ट्रक्टर" च्या स्पेलिंगमध्ये सी आणि ओ लागतात, ते या अकरांत नाहीत. म्हणून आधी अशी मेथड शोधायची जिचं नाव या अकरा अक्षरांतच लिहिता येतं. तिला `+[]` लावून स्ट्रिंग केली की "फंक्शन" या शब्दाने सुरू होणारा मजकूर मिळतो, त्यात सी तिसऱ्या स्थानावर आणि ओ सहाव्या.

मेथड कोणती घ्यायची यावर लांबी ठरते. फिल (२०१५ च्या मानकातली) लिहायला कंसांसकट ८५ चिन्हं. फ्लॅट (२०१९) ६८. ॲट (२०२२) फक्त ३४:

    [][(![]+[])[+!![]]+(!![]+[])[+[]]]

ॲट क्रोम ९२, फायरफॉक्स ९०, सफारी १५.४ आणि नोड १६.६ पासून आहे. त्याआधीच्या इंजिनावर चालवायचं असेल तर फ्लॅटवर या.

सी साठी वरच्याला `+[]` जोडून कंसात घालायचं आणि इंडेक्स तीन: ५५ चिन्हं. ओ साठी सहावा इंडेक्स घेतला तर ७०. त्याऐवजी पुढे ट्रू जोडला की चार अक्षरं वाढून ओ दहाव्या स्थानावर येतो:

    (!![]+[][(![]+[])[+!![]]+(!![]+[])[+[]]])[+!![]+[+[]]]

५४. इथे `!![]` ला चौकटी कंस लागत नाही, कारण दुसरी बाजू फंक्शन आहे आणि बेरजेत त्याची स्ट्रिंगच होते.

यू साठी ट्रूचा दुसरा इंडेक्स (२०) घेऊ नका, अनडिफाइन्डचा शून्यावा (१६) घ्या. मग "कन्स्ट्रक्टर" ची अकरा अक्षरं आणि दहा अधिक मिळून ३४६ होतात, आणि ॲटचा कन्स्ट्रक्टर ३८२ ला पडतो. फ्लॅट घेतला असता तर ५५२, कारण दोन सी आणि दोन ओ यांच्या आत ती मेथड पुन्हा पुन्हा लिहावी लागते. पुढच्या दोन कंसजोड्या धरून कुठलाही कोड चालवण्याचा ठरलेला भार ३८६. त्यात आतल्या स्ट्रिंगची लांबी वाढवायची. "रिटर्न" हा शब्द पूर्णपणे पहिल्या अकरा अक्षरांतला आहे, तो ११० मध्ये होतो.

उरलेल्या स्मॉल अक्षरांसाठी नंबरची टूस्ट्रिंग मेथड. तिला पाया दिला की दहाच्या पुढचे अंक अक्षरांत लिहिले जातात: दहा म्हणजे ए, पंचवीस म्हणजे पी, पस्तीस म्हणजे झेड. "टूस्ट्रिंग" एकेक अक्षराने लिहिलं तर मोठा एस आणि जी फार महाग जातात, एकूण ९०८. त्यापेक्षा टी आणि ओ लिहून पुढे स्ट्रिंगच्या कन्स्ट्रक्टरचं "नेम" जोडायचं. ते नाव म्हणजे "स्ट्रिंग" हाच शब्द, मोठ्या एससकट. नेममधला एम नंबरच्या कन्स्ट्रक्टरच्या मजकुरातून येतो, तिथे तो अकराव्या स्थानावर असतो. असं केलं की ८६१.

पी काढायच्या तीन वाटा मोजून बघा. पंचवीस, पाया छत्तीस: ९५२. पंचवीस, पाया तीस: ९२६. दोनशे अकरा, पाया एकतीस, आणि उत्तराचं दुसरं अक्षर: ९२४. (२११ म्हणजे ६ गुणिले ३१ अधिक २५, त्यामुळे मजकूर सहा आणि पी असा येतो.) आकडा मोठा असला तरी त्यातले अंक एक-दोन-तीनच असावेत. अंकांची संख्या नव्हे, अंकांची बेरीज महाग पडते.

ही वाट कोणा एकाने शोधलेली नाही. २००९ मध्ये योसुके हासेगावा यांनी १८ चिन्हांत कोणताही जावास्क्रिप्ट कोड बसवणारं साधन केलं. २०१० च्या सुरुवातीला सुरक्षाक्षेत्रातल्या लोकांनी आठ चिन्हांवरून खाली येण्याची चढाओढ लावली, त्यात स्वल्पविराम आणि तिरकी रेघ गळाली आणि सहा उरली. पुढे मार्टिन क्लेप्पे यांच्या जेएसफक प्रकल्पात प्रत्येक अक्षराची ठरलेली कृती एकत्र मिळते. ती वाचावीच, पण आंधळेपणाने कॉपी करू नये. मेथड बदलली की त्यातले काही इंडेक्स चुकतात.

---

अर्धविराम

३८२ पर्यंत पोचलो, ॲटचा कन्स्ट्रक्टर मिळाला. दोन ठिकाणी अडलो आहे.

एक, नंबरचा कन्स्ट्रक्टर काढायला `+[]` च्या पुढे कंसात "कन्स्ट्रक्टर" ठेवलं तर "नॉट अ नंबर" येतो.

दोन, व्ही हे अक्षर ॲटच्या मजकुरातल्या "नेटिव्ह" मधून घेतलं, इंडेक्स २३. क्रोममध्ये व्हीच्या जागी स्पेस येते. फायरफॉक्समध्ये टी.

---

शून्यापासून

पहिलं: इंडेक्सचा कंस अधिकाच्या आधी लागू होतो. `+[]` च्या पुढे चौकट आली की आधी रिकाम्या ॲरेचा कन्स्ट्रक्टर काढला जातो आणि मग त्या फंक्शनला नंबर करायचा प्रयत्न होतो. म्हणून `(+[])` असा गोल कंस घालूनच पुढची चौकट. इथे `[+[]]` चालणार नाही, तो ॲरे आहे, नंबर नाही.

टूस्ट्रिंगपाशीही याला जुळणारी चूक होते. २११ ही आधी स्ट्रिंग असते, तिला पुढून `+` लावून नंबर केला नाही तर स्ट्रिंगची टूस्ट्रिंग चालते. ती पाया बघतच नाही, "२११" तशीच परत देते, आणि दुसरं अक्षर म्हणून पीच्या जागी १ येतो. बरोबर रूप असं:

    (+(!![]+!![]+[+!![]]+[+!![]]))

ही ३० चिन्हं, यापुढे टूस्ट्रिंगची चौकट. पाया मात्र स्ट्रिंग असला तरी चालतो, तिथे `+` वाया घालवू नका.

दुसरं: २३ हा इंडेक्स फ्लॅटचा आहे. ॲटचं नाव दोन अक्षरांनी लहान, म्हणून क्रोम आणि नोडमध्ये व्ही २१ व्या स्थानावर. नावाच्या आधीचे इंडेक्स (सी, ओ) बदलत नाहीत, नावानंतरचे सगळे बदलतात.

फायरफॉक्सचं कारण वेगळं. तिथे महिरपी कंसानंतर एका स्पेसऐवजी नवी ओळ आणि चार स्पेस असतात, त्यामुळे तोच व्ही २५ व्या स्थानावर जातो. सफारीतही तशीच मांडणी. मानकात हा मजकूर कसा दिसावा हे ठरलेलं आहे, पण मधल्या मोकळ्या जागा ठरलेल्या नाहीत. शिवाय जुन्या ब्राउझरसाठी एखाद्या पानाने ॲट स्वतः लिहून घातलं असेल, तर "नेटिव्ह" हा शब्दच मजकुरात नसतो.

निवड तुमच्या नियमावर आहे. उत्तर फक्त नोडवर तपासलं जाणार असेल तर २१ वा इंडेक्स घ्या, व्ही ५८ चिन्हांत होतो. सगळीकडे चालायला हवं असेल तर एकतीस हा आकडा बत्तीसच्या पायात लिहा, त्याला ९१८ लागतात.

---

कंस_जोडी

आणि शेवटचा टप्पा चालवताना पान कोणतं आहे ते बघा. ज्या साइटच्या सुरक्षा धोरणात स्ट्रिंगमधून कोड चालवायला मनाई आहे, तिथे फंक्शनचा कन्स्ट्रक्टर एरर देतो आणि चूक कोडची वाटते. रिकाम्या पानावर किंवा नोडमध्ये चालवा. ११३ चिन्हांच्या उत्तराला हे लागू नाही, त्यात स्ट्रिंग तयार होते पण चालवली जात नाही.

लांब कोड मोडला तर बाहेरून बघू नका, सगळ्यात आतला गोल कंस उचलून एकटा चालवा. त्याची किंमत अपेक्षित शब्द आहे का ते बघा, मग इंडेक्स लावा, मग एक थर बाहेर या. "कन्स्ट्रक्टर" ची अकरा अक्षरं सुटी तपासून मगच अधिकांनी जोडा. ३४६ चिन्हांत हरवलेला एक `]` डोळ्यांनी सापडत नाही, पण १८ चिन्हांत लगेच दिसतो.